आधी छप्पर, मग पडदे

(एकपात्री विनोदी प्रयोग. रिकामा रंगमंच. मधोमध जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीनं आखलेली १२ फूट बाय ६ फुटांची चौकट. आत एक स्टूल आणि घडीची शिडी. पन्नाशी ओलांडलेली बाई विंगेतून येते. साधी सुती साडी, कमरेला मात्र अवजारांचा पट्टा. चौकटीपाशी चप्पल काढते, न दिसणारं दार उघडते, वाकून आत शिरते.)

बसा. (थांबून) बसलेलेच आहात, दिसतंय मला. पण सवय लागलीय. इथे आत कुणी आलं की माझा पहिला शब्द ‘बसा’. आदरातिथ्य वगैरे काही नाही हो, माणूस उभा राहिला की रस्ता बंद होतो.

हे आमचं मोटरहोम. टोयोटा, १९८८ सालचं. पिवळ्या पट्टीच्या आत सगळा संसार. (जागेवरच वळत) हे स्वयंपाकघर. (वळून) हा दिवाणखाना. (वळून) हे बाथरूम. (वर बोट दाखवत) आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पोटमाळा, तिथे झोपायचं. पाऊल उचललं का मी? नाही. आणि बाथरूममध्ये न्हाणी नि संडास एकच बरं का. शॉवर सोडला की सगळं एकदम उरकतं.

आता पिकअपच्या पाठीवर घर बांधायची कल्पना कुणाला सुचली? तर सत्तरच्या दशकात इथे अमेरिकेत तेलाचे दोनदा वांधे झाले, १९७३ ला आणि १९७९ ला. पेट्रोल पंपावर रांगाच रांगा. तोवर इथलं मोटरहोम म्हणजे एसटीएवढं धूड. मग लोक म्हणाले, छोटी जपानी पिकअप घेऊ आणि तिच्यावर बिऱ्हाड चढवू. इंजिन २.४ लिटरचं, चार सिलिंडर. मरत नाही ते. पळतही नाही. पोकोनोज डोंगरांच्या चढावर सायकलवाले आम्हाला हात करतात. पुढे जाता जाता.

आणि ही गाडी घ्यायची तर आधी खाली बसून मागच्या चाकाचे नट मोजायचे. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांना मागचा ॲक्सल साध्या पिकअपचाच होता. त्याला हे घर झेपेना, तो मोडायचा. मग दणकट ॲक्सल आला, त्याला सहा नट. आमचे हे गाडी बघायला गेले आणि पडद्यांचे फोटो काढायला लागले. मी गुडघ्यावर बसून मोजतेय, एक, दोन, तीन... विकणारा म्हातारा यांना हळूच विचारतो, “तुमच्या मिसेस प्रार्थना करतायत का?” हे म्हणाले, “हो, किंमत ठरवायच्या आधी करते.”

सहा भरले. मग आत गेले. आत गेल्यावर काय करायचं? डोळे मिटायचे आणि नाक उघडायचं. कुबट वास आला की समजायचं, भिंतीत पाणी आहे. मग अंगठ्यानं भिंत दाबत सुटायचं. (हवेत दाबते) इथे, घट्ट. इथे, घट्ट. खिडकीखाली... (अंगठा खोल जातो) आत! म्हातारा म्हणाला, “ओके, शंभर डॉलर कमी.” मी पुढे दाबलं. आत! आणखी शंभर. अहो, मी तशी दाबत दाबत मागच्या भिंतीपर्यंत गेले. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, “मॅडम, अंगठा खिशात ठेवा, मी किल्ल्या देतो.”

(स्टुलावर बसते.)

गाडी दारात आली आणि मराठी मंडळातल्या मैत्रिणी धावल्या. नावं घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसल्यात. “अगं, थीम काय ठेवलीयस?” “बोहेमियन कर!” “नको, पैठणी थीम कर, मोराच्या उशा!” एकीनं तर ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून पडद्याचं कापड आणूनसुद्धा दिलं. मी म्हटलं, थीम ठरलीय. “काय?” म्हटलं, पाणी. “अय्या, म्हणजे समुद्र? निळा?” म्हटलं, नाही गं. ते बाहेर ठेवणं, ही थीम.

हे डोकं माझं नाही. आमच्या सासूबाईंचं. सासूबाई गुहागरच्या. त्यांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. यांनी दाखवल्या गाद्या, दिवे, कपाटं. आईंनी एकच विचारलं, “अगो, शाकारणी केलीस काय?”

“आई, ही गाडी आहे. कौलं नाहीत.”

“पाऊस आहे ना तिकडे? मग आधी छप्पर. मे अर्धा झाला की आमच्याकडे माणसं कौलांवर असतात, आणि तुमचं पडद्यांचं काय चाललंय?”

(उठते.) मग मी भिंत उघडली. मंडळी, अमेरिकन मोटरहोमची भिंत म्हणजे काय असते? बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. आत पातळ प्लाय, त्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद. म्हणजे लाकडावर लाकडाचा फोटो. मध्ये पाइनच्या बारक्या पट्ट्या आणि पांढरा थर्माकोल. संपली भिंत! आपल्याकडे गणपतीच्या मखराला यापेक्षा जास्त माल लागतो.

आणि पोटमाळ्याची पुढची पट्टी? (चिमटीत काहीतरी धरून) ही बघा. हे लाकूड होतं. हे म्हणाले, “काढून ठेवू, मापाला होईल.” मी फुंकर मारली, माप उडून गेलं.

कारण काय? पत्र्याचे दोन तुकडे कोपऱ्यावर भेटतात, तिथे वरून एक पट्टी आणि तिला ओळीनं स्क्रू. पट्टीखाली लांबी भरलेली. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ती लांबी वाळते, तडकते. मग प्रत्येक स्क्रू म्हणजे पावसाला एक दार. त्यात ही गाडी. उभी असते तेव्हा पाऊस वरून पडतो, ताशी साठ मैलांनी निघाली की समोरून येतो. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, “झड लागते म्हण की! मग झाप बांध पुढे.” आता हायवेवर माडाच्या झावळ्यांचा झाप बांधून गाडी चालवली तर पोलीस आधी फोटो काढतील, मग पावती फाडतील.

(शिडीवर चढते.) तर मी वर. ती सगळी पट्टी उचकटली, जुनी लांबी खरवडली, गंजके स्क्रू बदलले, खाली ब्युटिलची टेप घातली. ब्युटिल कायम मऊ राहतं, गाडी हलली तरी तडकत नाही. वरच्या झरोक्याभोवती आपोआप पसरणारं सीलंट. आणि खालून आमचे हे हात वर करून उभे. हातात काय? सिलिकॉनची नळी! “हे लाव ना, बाथरूमला मी हेच लावतो.”

(वरूनच, जरबेनं) खाली ठेवा ते. छपराला सिलिकॉन लावायचं नाही. का? कारण एकदा लावलं की त्यावर पुढे काहीच धड चिकटत नाही. दुसरं सिलिकॉनसुद्धा. हे वर बघत म्हणाले, “म्हणजे स्वभावानं तुमच्या आत्यासारखं.” अहो, पहिल्यांदा या माणसाला बांधकामातलं काहीतरी कळलं!

(उतरते.) मग वायरिंग. या गाडीत दोन जगं आहेत. पुढे टोयोटा, मागे घर. टोयोटाच्या बाजूला काळ्या रेघेची पांढरी वायर गरीब, म्हणजे अर्थची असते; घराच्या बाजूला नुसती काळी म्हणजे बहुतेक वेळा करंट. आणि आधीच्या मालकांपैकी एकानं सगळीकडे लालच वायर वापरलेली. हातात होती म्हणून. मी प्रत्येक वायरला चिठ्ठी लावत गेले. यांनी मदत केली. एका वायरवर यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे, ‘ही कशाची ते नीताला विचारणे’. नीता कोण? (प्रेक्षकांकडे बघून) तो प्रयोग वेगळा आहे, त्याचं तिकीट जास्त आहे.

आता खरं भांडण. ओटा! मला हवा होता कडाप्पा. गुळगुळीत, काळा, पोळ्या लाटाव्यात तर त्यावर. आमच्या यांनी लॅपटॉप उघडला. हा माणूस घरात खिळा ठोकत नाही, पण एक्सेल शीट अशी ठोकतो! “हे बघ, गाडीला एकूण वजनाची मर्यादा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वीस गॅलनची टाकी भरली की पंचाहत्तर किलो. आणि दोन सेंटिमीटर जाडीचा दगड, चौरस मीटरला पन्नास किलोंच्या वर.” मी म्हटलं, “पन्नास किलो म्हणजे माझी धाकटी बहीण.” हे म्हणाले, “मग बहिणीला आण. ती भाज्या तरी चिरेल.”

कडाप्पा गेला. मग त्या शीटमधून एकेक वस्तू जायला लागली. बिडाचा तवा. लाल. पितळी समई. लाल. मोठा कुकर. लाल. मी म्हटलं, “आता तुमचं सांगा.” पासष्ट पुस्तकं, बुद्धिबळाचा संगमरवरी पट आणि तबला. डग्ग्यासकट! मी तो रकाना लाल केला तर म्हणतात, “तबला आतून पोकळ असतो.” म्हटलं, तुम्हीही असता, पण वजन धरलंय ना तुमचं? शेवटी तडजोड झाली. तबला घरी. डग्गा आला, त्यात कांदे-बटाटे भरून.

(खाली बसते.) आता फ्रिज. मंडळी, हा फ्रिज गॅसवर चालतो. नीट ऐका. खाली ज्योत पेटवायची आणि वर बर्फ होतो. १९२२ साली स्टॉकहोममध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स नावाच्या दोन विद्यार्थ्यांनी हे काढलं. आत अमोनिया, पाणी, हायड्रोजन. कॉम्प्रेसर नाही, आवाज नाही. आईंना सांगितलं, “आई, आग लावली की थंड होतं.” आई म्हणाल्या, “आमच्याकडे उलटं असतं, म्हणून तर जावांचं एकमेकींशी पटायचं नाही.”

अट एकच. गाडी सपाट उभी पाहिजे. आतला द्रव आपल्या वजनानं खाली वाहतो, गाडी कलली की तो अडतो. म्हणजे मुक्कामाला पोचलो की आधी पाणसळ. हे चाकाखाली फळ्या सरकवणार, मी आतून ओरडणार. “डावं वर! अहो डावं! तुमचं नाही, माझं!” सगळे शेजारी खुर्च्या घेऊन बसतात. आमचं भांडण संपलं की टाळ्या वाजवतात, कारण तेवढ्यात बुडबुडा मध्यावर आलेला असतो.

आणि अलार्म! प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून गॅसचा अलार्म जमिनीलगत. धुराचा वर छताला. तिसरा कार्बन मोनॉक्साइडचा. तिन्ही पाहिजेतच, त्यात चेष्टा नाही, बंद खोलीत ज्योत आहे. पण पहिल्यांदा मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची पडली... (तिन्ही दिशांना कान) वरचा किंचाळला. खालचा त्याला साथ द्यायला लागला. शेजारचा अमेरिकन अग्निशामक घेऊन दारात. मी म्हटलं, “नथिंग, नथिंग, ओन्ली आमटी!” वर चौदा इंची झरोका असतो, तिथे पंखा बसवला. आता फोडणी बाहेर जाते, आणि शेजारी वाट्या घेऊन आत येतात.

सगळं झालं. नव्या भिंती, नवा प्लाय, कपाटं. कपाटांना साधं चुंबक लावायला निघाले होते आमचे हे. म्हटलं, नाही, खटकन बसणारी कडी. कारण वळणावर गाडी वळते, पण मिसळणाच्या डब्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. यांच्या आग्रहाखातर एका कपाटाला चुंबक ठेवलं. (हातानं वळण दाखवते) पहिलंच वळण. धडाम्! हळद! आमचे हे पोकोनोजला उतरले ते हळद लागून बोहल्यावर उभे राहायला निघाल्यासारखे.

आणि मग, सगळ्यात शेवटी, पडदे. मैत्रिणी बघायला आल्या. “अय्या, काय गोड पडदे!” दुसरी, “पडद्यांमुळे किती मोठं वाटतंय!” अगं, मी छपरावर गुडघे सोलून घेतले! भिंती बांधल्या! नळ्या बदलल्या! “हो हो, पण पडदे!” म्हणून मी आता नियम केलाय. गाडी बघायची असेल तर आधी शिडी. (शिडी आपटते) वर चढायचं, सीलंट बघायचं, ‘वा’ म्हणायचं. मग आत चहा.

हा नियम न सांगता पाळला एकाच माणसानं. सासूबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे. नऊवारी खोचून शिडीशी उभ्या. “आई, नको!” “अगो, सर.” चढल्या, बोटानं सगळी सांधणी चाचपली, उतरल्या. आत आल्या. पडद्यांकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, “छान बरीक केलंयस. आता येऊ दे पाऊस.”

आला! पहिल्याच मुक्कामाला. धो धो! आई वर पोटमाळ्यावर, आम्ही खाली. मी बॅटरी घेऊन कोपरे बघतेय. कोरडा. हाही कोरडा! एक थेंब नाही! मी आनंदानं आडवी झाले. तेवढ्यात वरून, “सूनबाई...”

“काय आई? गळतंय?”

“नाही ना गळत! झोप कशी यायची? पावसात कुठेतरी पातेल्यात टप् टप् झाल्याशिवाय डोळा लागत नाही गो मला.”

काय करणार? उठले. सिंकमध्ये पातेलं ठेवलं, नळ अगदी बारीक सोडला. टप्. टप्. वरून घोरणं सुरू. पण मंडळी, या गाडीत पाण्याला बारा व्होल्टचा पंप आहे. नळीतला दाब उतरला की तो आपला आपण चालू होतो. टप्. टप्. टप्. (सगळं अंग हलवत) घर्र्र्र्र्र! आमचे हे अंथरुणातून ताडकन उठले, “ॲक्सल! ॲक्सल गेला!” पायाखाली डग्गा, कांदे-बटाटे चौफेर! मी धावत जाऊन नळ बंद केला. शांत. एकदम शांत.

आणि वरून आवाज, “कोणी बंद केलं गो ते? आता कुठे गुहागरला पोचत होते!”

(काळोख.)