तीन कोटेशनांचा माणूस

मे महिन्याची दुपार. पारा चव्वेचाळीसवर, नव्या पेठेतलं डांबर चपलेला चिकटतंय, कुत्री नळाच्या खालची ओल शोधून पसरलेली. आणि आमचे अण्णा एका होजिअरीच्या दुकानात उभे राहून विचारतायत, "आतून जाड अस्तर असलेले, कातडी, बर्फात चालणारे हातमोजे आहेत का?"

दुकानदारानं आधी अण्णांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पोऱ्याला हाक मारली, "अण्णांना पाणी दे बे आधी."

अण्णांचं खरं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण असा एक अण्णा सोलापुरातल्या प्रत्येक पेठेत असतो. गल्लीत कुणाला कूलर घ्यायचा असो, जावयासाठी मोटरसायकल बघायची असो की गुडघ्याचं ऑपरेशन करायचं असो, लोक म्हणतात, "अण्णांना विचार की, त्यांनी सगळी चौकशी केलेली असेल." केलेली असतेच. गुडघा स्वतःचा नसला तरी केलेली असते.

अण्णांनी उभी हयात गिरणीच्या स्टोअर खात्यात काढली. तिथं नियम होता, तीन कोटेशनं आल्याशिवाय खरेदी नाही. गिरणी बंद पडली, भोंगा बंद झाला, चाळी रिकाम्या झाल्या. नियम तेवढा चालू राहिला. घरात ठोकायचा खिळासुद्धा अण्णा तीन दुकानांतला भाव वहीत उतरवल्याशिवाय आणत नाहीत. लग्नाच्या वेळी त्यांनी तीनच मुली बघितल्या होत्या. काकू अजून सांगतात, "मी त्यातलं सगळ्यात कमी कोटेशन."

पण अण्णांना चिक्कू म्हणाल तर ती तुमची चूक. चिक्कू माणसाला पैसे वाचल्याचा आनंद होतो. अण्णा पंचवीस रुपये वाचवायला चाळीस रुपयांची रिक्षा करतात आणि प्रसन्न चेहऱ्यानं परततात. त्यांचा जीव वस्तूत नाही, चौकशीत आहे. वस्तू घरात आली की चौकशी संपते, म्हणून नवी खरेदी झाली की दोन दिवस ते सुतक असल्यासारखे गप्प बसतात.

हातमोज्यांचं निमित्त असं झालं की बेंगळुरूच्या मुलानं जानेवारीअखेरची गुलमर्गची सहल ठरवली. नातू स्कीइंग शिकणार होता. "आणि तुम्ही आरामात बसून बर्फ बघा," असं मुलगा फोनवर म्हणाला, तिथंच त्याचं चुकलं. "पोर घसरणार आणि आजोबा कहवा पीत बघत बसणार होय?" अण्णांनी वहीचं कोरं पान काढलं. सहलीला आठ महिने होते. अण्णांच्या हिशेबानं वेळ कमीच होता.

मी भीतभीत म्हटलं, "अण्णा, सोलापूरचा माणूस आणि बर्फ? आपल्याकडं थंडी म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतले चार दिवस. तेव्हाही आपण मफलर गुंडाळून भजी खातो."

"डॉक्टर कोटणीस कुठले बे?"

मी गप्प. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचेच. १९१० साली इथं जन्मले, १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते, आणि उत्तर चीनच्या डोंगरांत जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ च्या डिसेंबरात, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. अण्णा दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन आले. फोटोंमध्ये डॉक्टरांचे हातमोजे कसले होते ते बघायला. परत आल्यावर त्यांनी मला काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी उशिरा एवढंच म्हणाले, "चार वर्षं राहिला रे तो माणूस तिकडं. आपण चार दिवसांसाठी कोटेशनं मागतोय." माझ्या आठवणीत चौकशीची लाज वाटलेले अण्णा एवढे एकदाच. सकाळी उतरली ती.

पहिलं कोटेशन अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून आलं. त्यानं वेल्डिंगचे हातमोजे दाखवले. कोपराजवळ येणारे, गाईच्या कातड्याचे, कोलकात्याहून आलेले. अण्णांचा तर्क असा की जे बाहेरची आग आत येऊ देत नाही, ते आतली ऊब बाहेर कशाला जाऊ देईल? तर्क तसा वाईट नव्हता. पण हातमोजा बादलीत बुडवून बघितला तर दोन मिनिटांत फडक्यासारखा लोळला. दुसरं कोटेशन पार्क स्टेडियमजवळच्या खेळाच्या दुकानातलं. त्यानं विकेटकीपरचे ग्लोव्हज काढले. ते घालून अण्णा आरशासमोर वाकून उभे राहिले तेव्हा दुकानातला पोरगा हळूच म्हणाला, "हाऊज दॅट."

तिसरं कोटेशन खरं तर कोटेशन नव्हतंच. विजापूर वेशीकडं एक म्हातारे चर्मकार बसतात. अण्णांची कोल्हापुरी गेली वीस वर्षं तेच सांधतात. अण्णांनी मोबाइलमधला फोटो पुढं केला. म्हाताऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि जे सांगितलं ते मला पुढच्या कुठल्याच जाहिरातीत वाचायला मिळालं नाही.

"गाईचं घेऊ नका अण्णा. टिकतं, पण जाड. काठी धरायची तर बोटं वळायला नकोत का? म्हशीचं तर बोलूच नका, ते सोलाचं. शेळीचं बघा. पातळ असतं, पण चिवट. आन् केसाची बाजू बाहेर पाहिजे. आतली बाजू बाहेर काढून घासलेलं मऊ लागतं हाताला, पण पाणी पितं. शिवण बघा, बोटाच्या टोकाला आत गाठ नको. तळव्यावर आन् अंगठ्याच्या बेचक्यात दुहेरी तुकडा पाहिजे, पहिलं तिथंच फाटतं. आन् घेतल्यावर मेण लावा. ऊन ऊन करून चोळायचं, शिवणीत जास्त. भिजलं तर चुलीपुढं वाळवायचं नाही, सावलीत. कातडं तापलं की कडक होतं आन् कडक झालं की तडकतं. माणसासारखंच हाय ते."

म्हाताऱ्यांनी आयुष्यात बर्फ बघितला तो रसवंतीतला. अण्णांनी सगळं वहीत उतरवलं आणि कधी नव्हे ते भाव विचारायला विसरले.

शेळीचं म्हटल्यावर अण्णांची छाती दीड इंच फुगली. उस्मानाबादी शेळी, ती काळी, लांब कानांची, म्हणजे धाराशिव, लातूर आणि आपलाच मुलूख. पुढं त्यांना कुठंतरी कळलं की स्वीडनमध्ये हेस्ट्रा नावाच्या गावात १९३६ साली एकानं लाकूडतोड्यांसाठी कातडी हातमोजे शिवायला घेतले, आणि जवळच्या टेकडीवर घसरणारे लोक तेच मागायला लागल्यावर स्कीइंगच्या हातमोज्यांचाच धंदा झाला. "म्हणजे बघ," अण्णा म्हणाले, "शेळ्या आपल्याकडं, लाकूड आपल्याकडं, चांभार आपल्याकडं. फक्त बर्फ नाही म्हणून राहिलं बे." हे वाक्य त्यांनी नंतर किमान चाळीस लोकांना ऐकवलं.

आता प्रश्न आतल्या अस्तराचा. हा मात्र अण्णांनी असा सोडवला की मी मनातल्या मनात हात जोडले. मला वाटत होतं, अस्तर ऊब देतं. अण्णा म्हणाले, "कुठलं अस्तर ऊब देत नाही. आपली चादर देते का? खुर्चीवर टाकून ठेव रात्रभर, गारच राहील. ती तुझीच ऊब तुला परत देते." मग घरातला टेरी टॉवेल आणून त्यातले सुताचे फेर माझ्या बोटाखाली फिरवले. "ह्या फेरांत काय असतं? हवा. पुसताना त्यात पाणी शिरतं, कोरडा असताना हवा. हातमोज्यात तेच करायचं, बारीक तंतू भरून हवा कोंडायची. हवा हालली नाही की थंडी आत येत नाही. म्हणून घट्ट हातमोजा घेणारा मूर्ख. दाबला की हवा गेली, वर रक्तही अडलं." टॉवेलच्या गावात जन्म काढून मला हे माहीत नव्हतं.

पाच बोटांचा घ्यायचा की सगळी बोटं एका पिशवीत ठेवणारा, यावर जून महिना गेला. पिशवीवाला जास्त उबदार, कारण चार बोटं एकमेकांना ऊब देतात. अण्णा त्याला एकत्र कुटुंब म्हणायचे. पाच बोटांचा म्हणजे फ्लॅट सिस्टिम. ज्याचं त्याचं दार, ज्याची त्याची थंडी. "पण एकत्र कुटुंबात," काकू आतून ओरडल्या, "चेन कोण लावणार, काठी कोण धरणार? शेवटी सगळं अंगठ्यावरच येतंय." अण्णांनी निमूटपणे पाच बोटांचा हातमोजा ठरवला.

मापासाठी ते शिंप्याकडं गेले. अंगठा सोडून तळव्याचा घेर नऊ इंच भरला, म्हणजे नऊ नंबर. बोटाच्या टोकाला थोडी जागा सुटायला हवी होती. शिंपी म्हणाला, "लग्नाचं आहे का?"

मग एका रात्री अण्णांनी नातवाकडून मोबाइलवर मागवून घेतले. किंमत सांगत नाही, काकूंना अजून कळलेली नाही. पार्सल आलं. शेळीचं कातडं, दुहेरी तळवा, आतलं अस्तर वेगळं काढता येणारं, मनगटाला दोरी. सगळं वहीप्रमाणं. फक्त अंगठ्याच्या पाठीवर एक मखमलीसारखी मऊ पट्टी होती, तिचा उलगडा होईना. नातवाला फोन लावला. तो म्हणाला, "आबा, ते नाक पुसायला असतं."

बराच वेळ घरात कुणी बोललं नाही. टेरी टॉवेलच्या गावातल्या माणसानं एवढे पैसे मोजून नाक पुसायची पट्टी विकत घेतली होती.

चाचणी राहिली होती. अण्णा मला घेऊन बर्फाच्या कारखान्यात गेले. बाहेर रणरणतं ऊन, ऑक्टोबरचं. अण्णांनी हातमोजे चढवले, बर्फाची लादी दोन्ही हातांनी धरली आणि मला म्हणाले, "घड्याळ लाव." कारखान्यातली पोरं उघड्या हातांनी, फार तर गोणपाटाचा तुकडा धरून, लाद्या टेम्पोत टाकत होती. ती थांबून बघायला लागली. वीस मिनिटं झाली. शेवटी एक पोरगा म्हणाला, "अण्णा, लादी वितळली की ओ. पैसे तुम्हीच द्या आता."

हात गार पडले नव्हते. घामानं मात्र निथळत होते. वहीत नोंद झाली, "थंडी : उत्तीर्ण. घाम : विचाराधीन." ओला हात बर्फात लवकर गारठतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून आतल्या अस्तराची आणखी एक जोडी आली. सोलापूरच्या उन्हात कातडं तडकू नये म्हणून मेण चोळलेले हातमोजे फ्रिजमध्ये गेले. भाजीच्या कप्प्यात. खाली मेथी, वर शेळी.

जानेवारीत अण्णा हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला आणि तिथून विमानानं निघाले. पुढचं मला त्यांच्या मुलानं सांगितलं.

गुलमर्ग साधारण २६५० मीटर उंचीवर. गोंडोलानं वर अफरवतला गेलं की जवळजवळ चार हजार मीटर. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ साली इथं स्की क्लब काढला, तेव्हापासून लोक इथं हौसेनं पडतायत. चाळीस दिवसांची चिल्ले कलां, म्हणजे काश्मीरची ऐन थंडी, चालू होती. शिकवणाऱ्या काश्मिरी तरुणानं अण्णांचे हातमोजे बघितले, उलटून शिवण चाचपली, आणि विचारलं, "कहाँ से लिया, अंकल?"

अण्णांच्या आयुष्यातला तो सोन्याचा क्षण. शेळी, केसाची बाजू, मेण, कोंडलेली हवा, विजापूर वेस. वर्ग पंधरा मिनिटं बर्फात उभा राहिला. मग अण्णा स्कीवर चढले, दहा फूट गेले आणि बसले. हात शेवटपर्यंत उबदार होते.

पायात मात्र ऑफिसला घालायचे ते नायलॉनचे पातळ मोजे. आठ महिन्यांच्या चौकशीत पाय हा विषयच निघाला नव्हता. संध्याकाळी बोटं लाल होऊन सुजली, खाजेनं जीव नकोसा झाला. हॉटेलातल्या पोरानं फेरनच्या आतून स्वतःची कांगडी काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. काड्यांची विणलेली टोपली, आत मातीचं भांडं, त्यात राखेखाली निखारे. त्या पोराच्या हातात मोजे नव्हते. अण्णा पाय शेकत शेकत त्याला विचारत होते, "ही केवढ्याला? आणखी कुठं मिळते? तिसरं दुकान कुठलं?"

तर सध्या लोकरी मोज्यांची चौकशी चालू आहे. हातमोजे परत भाजीच्या कप्प्यात आहेत. नऊ नंबर, शेळीचं कातडं, अस्तराच्या दोन जोड्या, एकदाच वापरलेले, नाक एकदाही न पुसलेले. कुणी बर्फाकडं निघालं असेल तर काकूंना भेटा. त्यांना मेथीसाठी जागा हवी आहे. फक्त अण्णा घरी नसताना या.