बेंजो पार्ट्या कायमच्या बंद करण्याबाबत नम्र सूचना

प्रति,
सरावली-बोईसर परिसरातील समस्त बेंजो पार्ट्या
(ढोल, ताशा, झांज, कीबोर्ड, खुळखुळा व जनरेटर यांसह)

विषय : आपला व्यवसाय गुंडाळून डीजेला वाट मोकळी करून देण्याबाबत.

महोदय,

हळदीच्या मांडवात आणि वरातीपुढे आपण जे करता त्याला संगीत म्हणावे की नाही, हा वाद या पत्रात उकरायचा नाही. तो वाद आपल्या बेंजोवाल्यात आणि कीबोर्डवाल्यात मुखड्यापासून सुरू होतो आणि शेवटच्या कडव्यापर्यंत मिटत नाही, एवढे पुरे. आपल्यावरचा खरा ठपका वेगळा आहे. आपण लोकांना हसवता, आणि तेही न ठरवता. ताशेवाल्याला धीर नसतो, म्हणून तो सगळ्यांच्या आधी गाण्याच्या शेवटी जाऊन उभा राहतो. झांजवाला सतत नवरदेवाच्या मामाकडे बघत वाजवतो, कारण ओवाळलेली नोट तिकडूनच यायची असते. खुळखुळेवाल्याला ते कोणी शिकवलेले नसते, आणि हे पहिल्या मिनिटात कळते. जनरेटरवाला हा पार्टीतला एकच कलावंत असा की त्याची चूक झाली तर बाकीच्यांच्या चुका ऐकू येणे थांबते. एका पेनड्राइव्हमध्ये हजारो गाणी बिनचूक मावतात त्या काळात आठ-दहा माणसांनी टेम्पोत दाटीवाटीने बसून यायचे आणि एकच गाणे चुकतमाकत वाजवायचे, हे मागासलेपण आहे. तेव्हा आपण बंद व्हावे. कारणे सविस्तर देतो, म्हणजे मागाहून कोणी अन्यायाची ओरड करू नये.

पहिले कारण वंशावळीचे. आपले वाद्य इथले नाही, असे जाणकार म्हणतात ते खरेच आहे. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ताइशोगोतो नावाचे वाद्य बनवले. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झाले, आणि पुढे मुंबई-कोकणात त्याला पिकअप लागला, ते अ‍ॅम्प्लिफायरला जोडले गेले आणि गणपतीपुढे चालू लागले. नाव मात्र मिळाले अमेरिकेतल्या बॅन्जोचे, ज्याच्याशी त्याचे दूरचेही नाते नाही. तो बॅन्जो तरी अमेरिकेचा कुठे? पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडे ताणून तो तिकडे घडवला. म्हणजे वाद्य जपानी, नाव आफ्रिकेहून अमेरिकेमार्गे आलेले, गाणे कोळ्यांचे आणि नाचणारा गोरखपूरचा. अशा प्रकाराला आपल्या संस्कृतीत जागा कशी द्यायची? त्यापेक्षा याच जिल्ह्यात तारपा आहे. भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून घडलेला, जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या वारली चित्रकारांनी जगभर पोचवलेल्या त्या नाचाच्या फेऱ्याच्या मधोमध असलेला. जव्हारकडच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचे उभे आयुष्य त्या वाद्यात गेले आहे. मग वरातीपुढे तारपाच का वाजवू नये, असा आक्षेप रास्त दिसतो. अडचण इतकीच की तारप्याला हंगाम असतो. भात तयार झाले की तो निघतो आणि दिवाळीच्या दिवसांत रंगतो. शिवाय नाचणारे तारप्याला पाठ दाखवत नाहीत. वरातीतल्या मंडळींना रात्री नऊनंतर आपली पाठ कोणत्या बाजूला आहे हेच नक्की सांगता येत नसते. तारप्याचा मान राखायचा तर त्याला वरातीपासून दूर ठेवावे लागेल आणि वरातीला दुसरे काहीतरी द्यावे लागेल. यातून आपलीच गरज सिद्ध होऊ लागते, म्हणून हा मुद्दा इथेच सोडतो.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे. वाजवणाऱ्याने गंभीर असावे, हसू येईल असे वागू नये, अशी सभ्य जगाची अपेक्षा असते. दुर्दैवाने याबाबत अमेरिकेचा दाखला आपल्याच बाजूने जातो. केंटकी राज्यातला मँडोलिनवादक बिल मन्रो १९३९ साली नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या गाजलेल्या रेडिओ कार्यक्रमात पोचला. त्याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या ताफ्यावरून पुढे एका अख्ख्या संगीतप्रकाराला ब्लूग्रास हे नाव पडले. त्या ताफ्यात बॅन्जो कोणाकडे होता? स्ट्रिंगबीन नावाने ओळखल्या जाणाऱ्या विनोदवीराकडे, जो पुढे लांबलचक शर्ट आणि गुडघ्यापर्यंत उतरलेली विजार घालून मंचावर येण्यासाठी प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज हा तरुण आला आणि तीन बोटांनी असा काही बॅन्जो वाजवू लागला की श्रोते थक्क झाले. आता तरी हसणे थांबावे की नाही? थांबले नाही. बॅन्जो सावरला तर विदूषकाचे काम बऱ्याच ताफ्यांत मागे उभ्या असलेल्या बासवाल्याकडे गेले. बॅन्जोवाल्यांवरचे विनोद आजही त्या देशात तेजीत आहेत, आणि सर्वांत जास्त ते बॅन्जोवालेच सांगतात. त्या ताफ्यांना माहीत होते की दिवसभर राबून आलेल्या माणसाला कसब पाहून आदर वाटतो, पण त्याची भीड मोडते ती वाजवणारा आपल्यासारखाच फजित होताना दिसला की.

आणि हे संगीत फोफावले कुठे, तेही पाहा. डोंगरातली माणसे पोटासाठी ओहायोतल्या डेटन, सिनसिनाटी अशा कारखान्यांच्या शहरांत उतरली, तिथल्या दारूच्या गुत्त्यांत ब्लूग्रासने मूळ धरले. सरावलीच्या रहिवाशाला हे चित्र परके वाटू नये. बोईसर स्टेशनवर उतरून तारापूर एमआयडीसीत पाळीला लागलेला माणूस उत्तर प्रदेशचा असतो, बिहारचा, ओडिशाचा, खानदेशचा, नाहीतर जव्हार-मोखाड्याचा. एका चाळीतल्या हळदीला हे सगळे जमतात आणि त्यांच्यात सामाईक असे फारसे काही नसते. अशा गर्दीपुढे आपला बेंजोवाला एका कोळीगीताच्या शेपटीला गरबा जोडतो, गरब्यातून भोजपुरी चालीवर घसरतो, आणि घसरताना मध्ये दोन सूर असे लागतात की ते यांपैकी कोणत्याच प्रांताचे नसतात. सगळे एकाच वेळी हसतात. कोणी म्हणेल, डीजेही भोजपुरी लावतो, त्याच्याकडे तर ओडियासुद्धा असते. असते. पण डीजे स्पीकरच्या भिंतीमागे उभा असतो. बेंजोवाला गर्दीत, नाचणाऱ्यांच्या पायाशी असतो. नवरीची आजी दोन पावले टाकायला पुढे आली तर तो लय उतरवतो आणि ती दमेपर्यंत तीच ओळ घोळवतो. कोपऱ्यात हात बांधून उभा असलेला नवा कामगार मान हलवू लागला तर तो त्याच्याकडे सरकतो. पेनड्राइव्हला आजी दिसत नाही. आपल्यावरचा माझा मूळ आरोप असा की आपण गाणे बिघडवून माणसे जमवता, आणि अशी अदलाबदल कोणत्याही सुधारलेल्या समाजाला शोभत नाही.

तिसरे कारण आवाजाचे, आणि इथे मात्र आपली बाजू खरोखर लंगडी आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. औद्योगिक भागात ती ७५ आणि ७० आहे. आपली पार्टी यांतले सगळे आकडे पहिल्याच ठेक्यात ओलांडते, हे मान्य करा. सरावलीत कारखान्याची भिंत आणि घराची भिंत फार लांब नसतात, म्हणून आपली हातगाडी नेमकी कोणत्या मर्यादेत उभी आहे असा युक्तिवाद करता येईल, पण तो करू नका. पलीकडच्या घरात म्हातारी माणसे, बारावीची मुले आणि रात्रपाळीहून आलेले लोक आहेत. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर नाही म्हणजे नाही. तरीही तक्रारदारांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर देशात पहिले आले, आणि तो निर्देशांक हवा, पाणी व जमीन यांचा होता. त्यात बेंजोचा हात नव्हता. या परिसराने नाकाने आणि घशाने जे निमूट सोसले त्याचा राग कानावाटे बाहेर काढायचा, आणि तोही खुळखुळेवाल्यावर, हे सोयीचे खरे. शिवाय आपल्या गोंगाटाला एक अंगभूत मर्यादा आहे, जी यंत्राला नाही. ताशेवाल्याचे मनगट दुखते, बेंजोवाल्याची बोटे भरून येतात, सगळ्यांना चहा लागतो, आणि तेवढा वेळ गल्ली शांत होते. डीजेला चहा लागत नाही. आपण हा दोष लवकर दुरुस्त करावा.

जनरेटरबद्दल दोन शब्द. देशातले पहिले अणुवीज केंद्र याच तालुक्यात १९६९ पासून आहे आणि आपल्या गाडीवर अजून डिझेलचा धूर आहे. यात आपला दोष काय हे मला शोधूनही सापडले नाही, तरी नोंद करून ठेवतो.

आपल्या कलेची कोणी दखल घेत नाही ही तक्रारही करू नका. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी ‘बॅन्जो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, त्यात रितेश देशमुख बेंजोवाला झाला. त्याचे वाजवणे थोर आहे हे कळायला कथेत न्यूयॉर्कची बाई मुंबईत यावी लागली. बोईसरला तेवढे कोणी येईल असे दिसत नाही. आपल्याला इथल्या यजमानांवरच भागवावे लागेल, आणि यजमान हल्ली हिशेब असा मांडतात की डीजेत भिंत मोठी दिसते, बेंजोत जेवणारी तोंडे जास्त. हिशेब चूक नाही. आठ-दहा घरांची चूल एका सुपारीवर पेटते, म्हणून ती सुपारी महाग वाटते.

वरील सर्व कारणांचा विचार करता आपण पार्टी बंद करावी अशी शिफारस करायला मी बसलो होतो. कारणे लिहून झाल्यावर शिफारशीला आधार उरलेला नाही, त्यामुळे विषयाची ओळ रद्द समजावी. यजमानांना मात्र विनंती आहे : येत्या लगीनसराईत हळदीची सुपारी देताना बेंजोवाल्यांना आधी विचारा, ठरलेली रक्कम वाजवून झाल्यावर त्याच रात्री द्या, जेवणाच्या पंगतीत त्यांची पाने मांडा, आणि पावणेदहाला शेवटचे गाणे सांगा.

आपला,
एक हितचिंतक