दूधगंगेच्या मुलखात बिनदुधाचा चहा

चहाचे पान खुडल्यावर ते चुरगाळून हवेत ठेवले की काळा चहा तयार होतो, आणि खुडल्याबरोबर त्याला वाफ दिली किंवा कढईत परतले की पान काळे पाडणारे विकर, म्हणजे ती रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य, निकामी होऊन हिरवा चहा, अर्थात ग्रीन टी, मिळतो. झाड दोन्हींचे एकच असते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा भेद किरकोळ असला, तरी कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील बिद्री येथे तो गंभीर मानावा लागतो. हे गाव ओळखले जाते ते दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. ज्या संस्थेच्या नावात दूध आणि साखर दोन्ही शेजारी-शेजारी बसली आहेत, तिच्या कार्यक्षेत्रात त्या दोहोंनाही नकार देणारे पेय पिणे हे सहकार चळवळीविरुद्धचे बंड ठरले, तर त्यात नवल नाही. डेअरीत घालण्यापूर्वी घरासाठी काढून ठेवलेले म्हशीचे दूध हाताशी असताना, आणि सभासदाला सवलतीच्या दराने मिळालेली साखर डब्यात असताना, पाहुण्यापुढे कपभर पिवळट पाणी ठेवले, की पाहुणा आधी कपाकडे, मग यजमानाच्या तोंडाकडे पाहतो आणि आवाज उतरवून विचारतो, “कुणाला बरं न्हाई का काय?”

चहावरून समाज ढवळून निघण्याची महाराष्ट्राला सवय आहे, हे येथे नमूद करणे इष्ट. 1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहाचे पेले पुढे आले, तेव्हा लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्याचे, म्हणजे जातिबहिष्काराचे, संकट ओढवले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. कोल्हापूरचा इतिहास याहून उजवा आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांनी काढलेल्या हॉटेलात राजर्षी शाहू महाराज स्वतः थांबून चहा घेत आणि अस्पृश्यतेच्या रूढीला कपबशीनेच उत्तर देत. शिवाय पन्हाळ्यावर चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही त्यांनी करवले होते. तेव्हा चहा ही वस्तू या जिल्ह्याला परकी आहे असे कोणी म्हणू नये. परके आहे ते त्यातून दूध वगळणे.

ग्रीन टीची डबी बिद्रीच्या घरात येते ती बहुधा शहरात नोकरी करणाऱ्या मुलाच्या किंवा सुनेच्या हातून, आणि तिचा उद्देश ‘वजन उतरावे’ एवढाच सांगितला जातो. पहिल्या दिवशी घरातील जाणती बाई त्या पानांना चहा समजूनच वागवते, म्हणजे पातेल्यात आधण ठेवते, त्यात पाने टाकते आणि तीन-चार दणदणीत उकळ्या काढते. सीटीसी चहाला, म्हणजे यंत्रात चिरडून, फाडून, वळवून दाणेदार केलेल्या नेहमीच्या काळ्या चहाला, ही वागणूक मानवते, कारण त्याचा कडकपणा झाकायला दूध-साखर हजर असते. हिरव्या पानातील कॅटेचिने, म्हणजे तुरट-कडवट द्रव्ये, मात्र उकळत्या पाण्यात भराभर उतरतात, आणि मग जे पेय तयार होते ते वजन उतरवते यात शंका नाही, कारण ते प्यायल्यावर काही खाण्याची इच्छाच उरत नाही.

घरगुती मिश्रणाचा जन्म या कडूपणातून होतो. चव सुधारण्यासाठी कोणी त्यात आले किसते, कोणी परसातील गवती चहाची पात खुडून टाकते (ही पात गवताची, चहाच्या झाडाशी तिचे नाते नाही), कोणी देवापुढच्या वृंदावनातली तुळस, कोणी वेलदोडा. येथे शास्त्र असे की आले, दालचिनी, लवंग या मंडळींना पैलवानासारखी रगडपट्टी सोसते, किंबहुना ठेचून पाच-सात मिनिटे उकळल्याशिवाय त्यांचा अर्क नीट उतरत नाही, तर चहाच्या पानाला 75 ते 80 अंश सेल्सिअसचे पाणी आणि दोन-तीन मिनिटे पुरेशी होतात. म्हणून मसाला आधी उकळावा, गॅस बंद करावा, पातेले उघडे ठेवून वाफेचा जोर ओसरू द्यावा, मग माणशी एक चमचा पाने टाकून झाकण ठेवावे आणि वेळ होताच गाळावे. हे झाकण ठेवून थांबणेच घरात अवघड जाते, कारण पातेल्याखाली जाळ नाही आणि तरी चहा होतो आहे, यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा विश्वास बसत नाही.

कोल्हापुरी हात मसाल्याच्या बाबतीत आखडता नसतो, हे दुसरे संकट. दालचिनी घातली म्हणून मिरे, मिरे घातले म्हणून सुंठ, आणि सुंठ आली म्हणून ओवा, असे होता होता पेयाचा काढा बनतो. 2020 च्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा सुचवला होता, तेव्हापासून हा हात अधिकच सैल सुटला आहे. मिश्रणात पानाखेरीज तीन जिन्नस पुष्कळ झाले. चौथा घालायचा तर ग्रीन टी वगळावा, कोणाला फरक कळणार नाही.

फळांविषयी थोडक्यात. लिंबाचा रस गाळल्यानंतर पिळावा. त्याने रंग फिका पडतो आणि चव उजळते. आवळ्याचा कीस किंवा फोंडा घाटाखालून आलेली आमसुले चालतात, मात्र ओले फळ चहाच्या बरणीत घालून ठेवल्यास आठवड्याभरात बुरशी धरते, म्हणून बरणीत फक्त कडकडीत वाळलेली साल जावी. जपानमध्ये गेनमाइचा नावाचा ग्रीन टी भाजलेला तांदूळ मिसळून करतात. ज्या जिल्ह्यात आजरा घनसाळसारखा सुवासिक तांदूळ पिकतो, तेथे मूठभर तांदूळ खरपूस भाजून हा प्रयोग सहज करता येईल, परंतु तांदूळ चहात घालून गाळून टाकायचा, हे घरातील आजीला सांगण्याची जबाबदारी प्रयोग करणाऱ्याने स्वतः घ्यावी.

राहिला गूळ. दुधाच्या चहात गूळ घालताना दूध नासण्याची धास्ती असते. येथे दूधच नसल्याने ती मिटते, आणि मग मधाचा एक थेंब सुचवणाऱ्या शहरी सल्ल्याला बाजूला सारून गुळाचा चांगला लिंबाएवढा खडा पातेल्यात पडतो. वजनाचा मूळ प्रश्न या टप्प्यावर सभेपुढून मागे घेतला जातो. एक सूचना मात्र पाळावी: चहातील टॅनिनांमुळे अन्नातले लोह अंगी लागण्यात अडथळा येतो, म्हणून रक्त कमी असलेल्यांनी तो जेवणाला लागून घेऊ नये.

बिद्रीच्या परिसरात सहज मिळणाऱ्या जिनसांत गवती चहा, आले आणि गूळ यांचे मिश्रण, वर लिंबू पिळून, सर्वांत सरस उतरते. जास्वंद, बडीशेप आणि सफरचंदाच्या साली घातलेले प्रकार दिसायला देखणे असतात, पण ते ज्याने केले त्यालाच प्यावे लागतात.