किती वर्षं टिकेल?

बँकेच्या कर्ज विभागात हयात गेली की माणूस कुठल्याही गोष्टीकडे बघून एकच प्रश्न विचारतो, "किती वर्षं टिकेल?" मिक्सर, छत्री, होऊ घातलेला जावई, मी कुणालाही सोडलेलं नाही. त्यामुळे कोल्हापुरात तांबड्या रश्शातल्या नळीशी झुंजताना माझी खालची उजवी दाढ दुभंगली आणि काढावी लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनाही मी तेच विचारलं.

या बाईंच्या दवाखान्याची कर्जाची फाईल एके काळी माझ्या टेबलावर आली होती. 'तारण अपुरे' असा शेरा मारून मी ती परत पाठवली होती. त्यांना आठवत नसावं, अशी आशा मी आ वासून बाळगली.

त्यांनी तीन पर्याय सांगितले. काढता-घालता येणारी छोटी कवळी सगळ्यांत स्वस्त. पण खालची हिरडी बसत जाते, म्हणून पाच-आठ वर्षांत नवी करावी लागते. ब्रिज पक्का बसतो, दहा-पंधरा वर्षं चालतो. मात्र त्यासाठी शेजारचे दोन धडधाकट दात घासून बारीक करायचे. म्हणजे कर्जदार पळाला म्हणून जामीनदारांना सोलायचं. तिसरा इम्प्लांट. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू रोवायचा, हाड त्याला धरून वाढलं की वर कॅप बसवायची.

"स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं एक उपकरण बसवलं होतं," बाई म्हणाल्या. "नंतर काढायला गेले तर निघेना. हाडानं ते आपलंसंच करून टाकलेलं. १९६५ साली त्यांनी योस्ता लार्सन नावाच्या पेशंटला असे स्क्रू बसवले. ते २००६ मध्ये वारले, तोवर दात शाबूत होते."

म्हणजे खातेदार गेला, खातं चालू! मी घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. इम्प्लांटचा खर्च भागिले चाळीस वर्षं, आकडा झकास आला. मग लक्षात आलं, मी अडुसष्ट वर्षांचा. पैसे वसूल व्हायला एकशे आठ वर्षं जगावं लागणार आणि शेवटपर्यंत चावावंही लागणार. मी कवळी घेतली.

पुढे सांगलीला भाच्याचं लग्न निघालं. जेवताना ओल्या नारळाचा कीस कवळीखाली शिरला. मी सभ्यपणे ती काढली, कागदी रुमालात गुंडाळली आणि ताटाच्या कडेला ठेवून मठ्ठा आणायला गेलो. आलो तर ताट गायब.

मांडवामागे उष्ट्या ताटांचे टब होते. जरीच्या टोपीसकट मी त्यांत कोपरापर्यंत हात घातले. तेवढ्यात नवरीचे वडील आले. क्षणभर बघत राहिले आणि हळुवारपणे म्हणाले, "मामासाहेब, पोट भरलं नसेल तर वाढायला सांगतो ना!"

खरं कारण सांगितल्यावर केटररची पोरंही कामाला लागली. थोड्या वेळानं एकानं विजयी मुद्रेनं हात उंचावला, "सापडली!" त्याच्या हातात वरच्या जबड्याची अख्खी कवळी होती. माझी नव्हती. मांडवात आणखी कुणीतरी तोंड मिटून आहेर स्वीकारत होतं, एवढंच कळलं.

माझी शेवटपर्यंत मिळाली नाही. नवी करायची टाळाटाळ करण्यात बराच काळ गेला. अखेर इम्प्लांटच करू म्हणून बाईंकडे गेलो. त्यांनी स्कॅन काढला. दाढ गेल्यावर तिथलं हाड झिजत जातं, हे मला ठाऊक नव्हतं. वरची दाढही समोर कुणी अडवायला नाही असं बघून खाली उतरू लागली होती. बाईंनी स्कॅन उजेडाकडे धरला आणि चेहऱ्यावरची रेषा न हलवता म्हणाल्या, "काका, तारण अपुरं आहे."

त्यांना सगळं आठवत होतं.

मग आधी हाडाची भर घालणं आलं. ते मुरेपर्यंत काही महिने. नंतर स्क्रू, तो हाडात रुजेपर्यंत आणखी काही महिने. पहिल्या दिवशी केलं असतं तर याहून कितीतरी कमी पैशांत झालं असतं, हे बाईंनी बिलातून सांगितलं. कॅप बसल्यावर मी सवयीनं विचारलंच, "आता हे किती वर्षं टिकेल?"

"स्क्रूला कीड लागत नाही. पण भोवतालची हिरडी सुजली तर हाड सुटतं आणि स्क्रूही जातो. दोन वेळा ब्रश, फटी साफ करायच्या, सहा महिन्यांनी तपासणी. थोडक्यात, हप्ते वेळेवर भरायचे."

मुलगा इंजिनियर. त्यानं माहिती पुरवली, की टायटॅनियम १६६८ अंशांना वितळतं आणि विद्युतदाहिनी एवढी तापत नाही. म्हणजे माझ्या अस्थींत स्क्रू जसाच्या तसा मिळणार! ठेव बुडीत नाही, या आनंदात मी ही बातमी स्वयंपाकघरात नेली.

बायकोनं पोळी उलटली आणि विचारलं, "नॉमिनी कोण लावलाय?"