जिवाणूंचा लातूर पॅटर्न

लातूर पॅटर्न आता जुना झाला. हल्ली महाराष्ट्रात सर्वांत चांगला निकाल लावणारा क्लास घरोघरी फ्रिजवर ठेवलेल्या औषधांच्या डब्यात चालतो. फी शून्य, प्रवेश खुला, विद्यार्थी जिवाणू.

प्रवेशप्रक्रिया सोपी. घरात कुणाला दोन शिंका आल्या की कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये फर्मान जातं, "ते पाचशेचं अझिथ्रो द्या हो, तीन गोळ्या." सर्दी विषाणूंमुळे होते आणि त्यांना ही गोळी ढिम्म हलवत नाही, हा धडा अभ्यासक्रमातच नाही. जो डॉक्टर तो शिकवू पाहतो, त्याच्याबद्दल सोसायटीत बोललं जातं, "वाफ घ्या सांगायचे तीनशे घेतले!"

खराच संसर्ग असला, तर ताप उतरताच उरलेल्या गोळ्या 'पुढच्या वेळेला होतील' म्हणून डब्यात. अर्धवट डोस ही जिवाणूंची सराव परीक्षा. कच्चे गळतात, पक्के उरतात. आणि सगळं मनासारखं असलं तर ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. शिवाय कॉपीला मुभा. प्लाझ्मिड नावाची डीएनएची चिठ्ठी एक जिवाणू दुसऱ्याला सरकवतो, तीही जात न पाहता. एवढं तरी त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. निकाल? २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी जगभरात थेट घेतलेले बळी अंदाजे १२ लाख ७० हजार.

पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगने १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या डोसचा धोका सांगितला होता. आपणही गप्प बसलो नाही. बड्या अँटिबायोटिक्ससाठी २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झालं. प्रत्येक विक्रीची वहीत नोंद आली. २०१६ मध्ये पाकिटावरच्या, 'चिठ्ठीशिवाय घेऊ नका' सांगणाऱ्या लाल रेघेचा प्रचार झाला. ती पाहून जनतेला एवढंच कळलं, की गोळी स्ट्राँग आहे.

"पर्याय आहे ना, गंगाजल!" व्हॉट्सअ‍ॅपवरचे काका म्हणतात. काकांचं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच जास्त धोकादायक. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, असं हॅन्किन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये नोंदवलं होतं. जिवाणू खाणारे विषाणू, म्हणजे फाज, हे त्यामागचं कारण असावं, असं पुढे मानलं गेलं. जॉर्जियात तिबिलिसीच्या एलियावा संस्थेत फाजचे उपचार आजही होतात. पण फाज मोठा चोखंदळ, त्याला ठरावीक जिवाणूच चालतो. म्हणून आधी कल्चर करून जंतू ओळखावा लागतो. आणि आपल्याला रिपोर्टसाठी दोन दिवस थांबवत नाही!

फाज येतील तेव्हा येतील. तोवर साबणाने हात धुवा, लशी वेळेवर घ्या, डॉक्टरांनी सांगितला तेवढा कोर्स पुरा करा. आणि ज्या डॉक्टरांनी सर्दीवर अँटिबायोटिक लिहिलं नाही, त्यांची फी हसत द्या. न लिहिलेली ती गोळी हाच आज आपल्या हातातला सर्वांत स्वस्त पर्याय आहे.