अक्षांश-रेखांशातले युवक

युवककल्याण हे महानगरपालिकेचे काम आहे की नाही, हा वाद आमच्या शहरात एकदाचा मिटला असून, काम पालिकेचेच, मात्र ते करावे दुसऱ्या कोणी, असा सर्वांस सोयीचा तोडगा निघाला आहे. पालिकेच्या व्यायामशाळा, मल्लखांबाचे मैदान, आखाडा आणि स्पर्धापरीक्षांची अभ्यासिका ही सारी दौलत बाह्य यंत्रणेच्या हवाली झाली. निविदा उघडल्या, इसारा रक्कम जमा झाली, करारनाम्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि ज्या यंत्रणेने आजवर रुग्णालयांना सफाई कामगार व बाजारपेठांना रखवालदार पुरविले होते, तिला शहराचे तारुण्य सांभाळण्याचा ठेका मिळाला. याबद्दल आमची तक्रार नाही. मागील तीन वर्षांची उलाढाल कोटींत असावी, अशी निविदेची अटच होती. आणि चार पिढ्या माती घुसळणाऱ्या तालीम मंडळापाशी उलाढाल म्हणून दाखविण्याजोगे काही असेल, तर ते आखाड्यात उलटेपालटे झालेले पैलवान, ज्यांचा ताळेबंद कोणत्याही सनदी लेखापालाने अद्याप प्रमाणित केलेला नाही.

आमचे चित्त खिळून राहिले आहे ते करारनाम्यातील एका कलमावर. दरमहाच्या देयकासोबत यंत्रणेने प्रत्येक उपक्रमाचे, किमान तीस युवक सुस्पष्ट दिसतील असे, अक्षांश, रेखांश, दिनांक व वेळ यांच्या नोंदीसह काढलेले छायाचित्र जोडावे, अन्यथा देयक अदा होणार नाही, असे ते कलम आहे. हजेरीपट खोटा लिहिता येतो, कारकून वश होतो, तपासनीस नेमका रजेवर जातो. परंतु अंतरिक्षात फिरणारा उपग्रह कोणाचाही मिंधा नाही, हा त्यामागील उदात्त विचार. त्यानुसार छायाचित्राच्या कोपऱ्यात एक लहानसा नकाशा उमटतो, त्याच्या शेजारी दशांशचिन्हापुढे सहा अंकांपर्यंत मोजलेले स्थान उमटते, आणि उरलेल्या जागेत युवक उमटतात.

आता छायाचित्र म्हटले की उजेड आला, आणि उजेड म्हटला की मल्लखांबाची पंचाईत झाली. आमच्याकडे ही विद्या पूर्वापार पहाटे शिकविली जाते. खांबाला एरंडेल चोळून पोरे झुंजूमुंजू होण्याआधीच त्यावर चढू लागतात आणि शाळेची घंटा होण्यापूर्वी घामाघूम होऊन घरी परततात. यंत्रणेचे समन्वयक मात्र अकराला रुजू होतात. शिवाय पहाटेच्या छायाचित्रात तीस युवकांऐवजी तीस सावल्या दिसतात, असा लेखा विभागाचा शेरा आल्यामुळे मल्लखांबाची वेळ साडेअकरा करण्यात आली. साडेअकराला मुले शाळेत असतात, ही गोष्ट नजरेस आणून दिली असता, शाळा शिक्षण विभागाकडे येतात आणि आपला करार क्रीडा विभागाशी आहे, असे समन्वयकांनी सौजन्यपूर्वक सांगितले. परिणामी त्या वेळी मैदानाच्या आसपास जो कोणी हाती लागेल त्यातून तीस युवक उभे करावे लागतात: थांब्यावरचे रिक्षावाले, पाणीपट्टी भरण्यास आलेले नागरिक, नाक्यावर कामाची वाट पाहणारे रंगारी. 2014 च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवकाचे वय 15 ते 29 असे नमूद आहे; परंतु रेखांशाच्या शेजारी वय उमटत नसल्याने आमच्या प्रभागात तारुण्याची मुदत केसांना कलप लावण्याची ऐपत टिकेल तोपर्यंत वाढली आहे. यंत्रणेच्या कपाटात निळे, पिवळे आणि हिरवे असे तीन रंगांचे सदरे आहेत. तेच तीस जण निळ्या सदऱ्यात कुस्तीचे, पिवळ्यात योगासनांचे आणि हिरव्यात व्यसनमुक्तीच्या शपथेचे लाभार्थी ठरतात. शपथ संपताच त्यांतील बरेचसे कोपऱ्यावरच्या पानटपरीकडे वळतात, पण तोवर छायाचित्र निघालेले असते. अभ्यासिकेची तऱ्हा याहून न्यारी. ती पालिकेच्या इमारतीच्या तळघरात आहे आणि तेथे उपग्रहाची दृष्टी पोहोचत नाही. म्हणून राज्यसेवेच्या परीक्षेसाठी खेड्यापाड्यांतून आलेली, एका खोलीत पाच-पाच जण राहून अभ्यास करणारी मुलेमुली दर शनिवारी भर दुपारी पटांगणात आणली जातात आणि उन्हात रांगेने उभी राहून, हातात पुस्तके उघडी धरून, अध्ययन करतात. ‘खाली बघा, हलू नका, वाचल्यासारखं करा,’ असा पुकारा होतो. गेल्या शनिवारी त्यांतली एक मुलगी खरोखरच वाचीत राहिली, तेव्हा ‘ताई, चेहरा दिसत नाही, पुस्तक जरा खाली घ्या,’ अशी तिला समज देण्यात आली.

इतिहासात दाखला शोधणाऱ्यांस पेशवाईची अखेर आठवेल. मामलती मक्त्याने देण्याचा तेव्हा प्रघात पडला. जो चढी बोली बोलेल त्याने मुलूख घ्यावा, सरकारात भरणा करावा आणि मग रयतेकडून मनास येईल तशी वसुली करावी. त्या व्यवस्थेला इतिहासकारांनी पुष्कळ दूषणे दिली आहेत. तथापि तिच्यात एक गुण होता, तो असा की मक्तेदार सरकारला पैसे देत असे. आमच्या काळाने तिच्यात सुधारणा केली. येथे बोली उतरत्या क्रमाने लागते, जो सर्वांत स्वस्तात युवक घडवीन म्हणतो त्याच्या पदरात युवक पडतात, आणि पैसे सरकार देते.

हा स्वस्ताईचा चमत्कार घडतो कसा, हे पाहावयाचे असेल तर आमच्या वस्तादांकडे पाहावे. पूर्वी त्यांना पालिकेचे मानधन होते, तुटपुंजे का होईना, पण पालिकेचे. आता ते यंत्रणेचे माणूस झाले आहेत. अकरा महिन्यांचा आदेश, मध्ये खंड, पुन्हा अकरा महिने, आणि सध्या तीन महिने वेतनाचा पत्ता नाही. हजेरीपटात त्यांच्या नावापुढे हुद्दा लिहिला आहे: ‘बहुउद्देशीय कर्मचारी, अकुशल.’ अकुशल! ज्या माणसाने आपल्या हाताने पोरांचे निखळलेले खांदे बसविले, घरी बापाचा मार खाऊन आलेल्या मुलाला आधी दूध पाजून मग आखाड्यात उतरविले, वस्तीतली निम्मी तरणी पोरे हाणामारीच्या गुन्ह्यांतून आणि पोलिस चौकीच्या बाकावरून परत आणली, तो अकुशल. आणि तीन रंगांच्या सदऱ्यांचे गठ्ठे सोडणारा तो समन्वयक! आखाड्याच्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालावे लागते, नाहीतर ती दगडासारखी होऊन पोरांची अंगे सोलून काढते. पण दरपत्रकात ताकाची बाब नाही, म्हणून ताक नाही. एरंडेलाची बाब नाही, म्हणून ते वस्ताद पदरमोड करून आणतात, न मिळालेल्या पगारातून. एवढ्या उंचावरून सारे पाहणाऱ्या त्या उपग्रहाला हे दिसत नाही काय? बारमाही कामातून कंत्राटी पद्धत हद्दपार करण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा या देशात 1970 साली झाला. परंतु तारुण्य हे बारमाही नसून अकरा महिन्यांत आटोपते, असा विधी विभागाचा अभिप्राय असावा.

जाब विचारावयाचा तर कोणाला? 1992 च्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत 18 विषय पालिकांसाठी मांडले आणि त्यांत उद्याने व क्रीडांगणेही घातली. जे काम घटनेने हाती सोपविले ते हातावेगळे करण्याची ही तत्परता अपूर्वच म्हटली पाहिजे. सभागृहात प्रश्न उपस्थित करावा म्हटले, तर 2022 नंतर राज्यातील बहुतेक महापालिकांची सभागृहे वर्षानुवर्षे रिकामी होती; ठराव मात्र होत राहिले, कारण मांडणारे, अनुमोदन देणारे आणि मंजूर करणारे प्रशासक एकच असल्यावर मतभेदास वाव राहत नाही.

तेव्हा आमची एक नम्र सूचना आहे, आणि ती करारनाम्याच्या चौकटीत बसणारी आहे. या महिन्याचे देयक सादर होताच मुख्य लेखापालांनी मंजूर रकमेच्या नोटा टेबलावर नीट मांडाव्यात, उजेड पुरेसा आहे ना ते पाहावे, अक्षांश-रेखांशासह त्यांचे एक सुस्पष्ट छायाचित्र काढावे, ते यंत्रणेकडे पोच घेऊन रवाना करावे आणि नोटा तिजोरीत परत ठेवाव्यात. हे पैसे नव्हेत, पैशांचे चित्र आहे, असा कांगावा यंत्रणा करील. तो तिला लेखी द्यावयास लावावा, आणि तोच कागद तिच्या फायलीला जोडून मागील सारी देयके वसुलीस काढावीत. दरम्यान तिजोरीतील त्या नोटांतून वस्तादांचे तीन महिन्यांचे वेतन रोख चुकते करावे. आणि त्या प्रसंगाचे छायाचित्र टिपण्यासाठी कोणी मोबाईल पुढे केलाच, तर तो जप्त करावा.