आग्रहाचं वाढप

पुण्याच्या आदरातिथ्यावर विनोद करणाऱ्यांनी एकदा मुठेला विचारून पाहावं. खडकवासल्याच्या भिंतीपाशी बिचारी अगदीच किरकोळ असते. नायट्रोजन, फॉस्फरस जेमतेम. एवढ्यावर शेवाळसुद्धा नीट पोसत नाही. दारी आलेल्याला ‘चहा घेऊनच आला असाल’ म्हणणारं हे शहर नदीला मात्र नाल्यानाल्याच्या तोंडाशी उभं राहून वाढतं: मैला, मोरीचं पाणी, साबणाचा फेस. संगमावर मुळा भेटते, तीही पवनेकडून पिंपरी-चिंचवडचा पाहुणचार घेऊन आलेली.

मैलाशुद्धीकरण केंद्रं आहेत, नाही असं नाही. पण त्यातली बरीचशी बांधली ती पाण्यातली कुजणारी घाण काढायला. विरघळलेला नायट्रोजन, फॉस्फरस बव्हंशी तिथून पास होऊन राजरोस नदीत जातो. घाण आपल्याकडे ठेवून घ्यायची आणि सत्त्व खालच्या गावांना पाठवायचं, केवढा हा त्याग!

शहर मागे पडलं, पाण्यात थोडा प्राणवायू मिसळला की जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. अहवालात अमोनिया घटतो, साहेब खूश. नायट्रोजनची फक्त खातेबदली झालेली असते. पुढे भीमा, आणि दौंड-इंदापूरचा ऊस. युरिया-डीएपी टाकताना हात सैलच सुटतो; उसाला नको झालेलं पहिल्या पावसात ओढ्यानं नदीत.

मग उजनी. १९८० साली पुरं झालेलं हे धरण म्हणजे धावत्या पाहुणीला मांडलेला पाट. बसून जेवलं की अंगी लागतंच. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते, होडीची कड हिरवी, जाळं हिरवं. रात्री हेच शेवाळ प्राणवायू ओढतं आणि पहाटे चिलापी तोंड वर काढून आ वासतात. तळाशी प्राणवायू संपला की गाळात मुरलेला फॉस्फरसही पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणजे उद्या पुण्यानं हात आखडता घेतला, तरी उजनीची कोठी बरीच वर्षं पुरेल.

वरती नदीपात्रात जलपर्णी काढायच्या निविदा निघतच असतात. वाढप्याला कोणी बोलत नाही, जेवणारीची ढेरी मात्र कंत्राट देऊन उतरवतात.

धरणाखाली पंढरपुरात हीच भीमा चंद्रभागा होते, भाविकांच्या ओंजळीत तीर्थ म्हणून येते. सोलापूरच्या नळाला उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, आणि लोक उगाच महापालिकेला नावं ठेवतात. इतकं पौष्टिक रोज पचलं असतं का?